दोन की चौतीस? संशयाचा आकडा लिहिताना



गेल्या वेळी आपण प्राथमिक आणि दुय्यम साधनांतला फरक बघितला होता. आज त्याच्या पुढचा भाग, उदाहरणासकट. उदाहरण अंगावर येणारं आहे, हे आधीच सांगून ठेवते.

माझ्या सिनॉप्सिसच्या दुसऱ्या मसुद्यात एक वाक्य होतं : 'फ्लोरिडातील पोलीस अधिकारी जेरार्ड शेफर याने 34 स्त्रियांचे खून केले.' सरांनी 34 भोवती लाल पेनाने गोल काढला आणि समासात दोनच शब्द लिहिले, 'कोणी मोजले?' मला वाटलं, तळटीप राहिली म्हणून विचारतायत. मी तळटीप टाकली. ती एका पुस्तकाची होती. त्या पुस्तकात तो आकडा होता, पण त्याला तळटीप नव्हती. दुसरं पुस्तक काढलं, त्यात पहिल्याचा हवाला. तिसऱ्या ठिकाणी आकडा 80 झाला होता आणि चौथ्या ठिकाणी शंभराच्या पुढे गेला होता. तोपर्यंत रात्रीचे दीड वाजले होते आणि माझ्या लक्षात आलं की सरांचा प्रश्न तळटिपेचा नव्हताच.

माझा विषय पोलीस खात्यांच्या अंतर्गत शिस्तीचा इतिहास. त्यात एक प्रकरण तुलनेचं आहे आणि तिथे हा शेफर येतो. तुमचा विषय शेतसारा असेल, देवदासी प्रथा असेल, गिरणी संप असेल. 'किती' हा प्रश्न तुम्हालाही कुठेतरी आडवा येणारच. दुष्काळात किती मेले, मोर्चात किती होते, गोळीबारात किती पडले. म्हणून हे सगळं जरा सविस्तर लिहिते.

आधी माणूस कोण ते बघू. जेरार्ड जॉन शेफरचा जन्म 1946 चा, विस्कॉन्सिन राज्यातला. कुटुंब पुढे फ्लोरिडात फोर्ट लॉडरडेलला आलं. शिक्षक व्हायचं म्हणून 1969 मध्ये तो एका शाळेत शिकाऊ शिक्षक म्हणून लागला. तिथून त्याला काढलं. मग पोलीस. 1971 च्या अखेरीस प्रशिक्षण संपवून तो फोर्ट लॉडरडेलला खेटून असलेल्या विल्टन मॅनर्स या छोट्या शहराच्या पोलीस दलात आला आणि काही महिन्यांतच, 1972 च्या वसंतात, तिथूनही त्याला काढलं. का काढलं, याची हकीकत वेगवेगळी सांगितली जाते. एक हकीकत अशी की वाहतुकीचे नियम मोडणाऱ्या बायकांना थांबवायचं, त्यांची माहिती खात्याच्या यंत्रणेतून काढायची आणि नंतर त्यांना भेटायला बोलवायचं, असा त्याचा उद्योग चालला होता.

जूनअखेरीस तो पुन्हा वर्दीत होता. या वेळी शंभर-सव्वाशे किलोमीटर उत्तरेला, मार्टिन काउंटीच्या शेरीफच्या हाताखाली डेप्युटी म्हणून. तिथे त्याने विल्टन मॅनर्सचं म्हणून जे शिफारसपत्र दाखवलं, ते बनावट होतं.

इथे आपल्याकडच्या वाचकाला प्रश्न पडतो की हे झालं कसं? आपल्याकडे शिपाई एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात गेला तरी सेवापुस्तिका त्याच्या मागोमाग जाते. खातं एकच, राज्याचं. अमेरिकेत तसं नाही. तिथे शहराचं पोलीस दल वेगळं, काउंटीचा शेरीफ वेगळा आणि बहुतेक ठिकाणी तो निवडून येतो, राज्याचे पोलीस आणखी वेगळे. देशभरात मिळून अशी 18,000 च्या आसपास खाती आहेत. प्रत्येकाची भरती आपापली, शिस्त आपापली आणि काढून टाकल्याचा कागदही आपापल्या कपाटात. एका कपाटातला कागद दुसऱ्या गावच्या साहेबाने फोन करून विचारला तरच बाहेर येणार.

(याच विषयावर बेन ग्रुनवाल्ड आणि जॉन रॅपपोर्ट या दोघांचा एक मोठा अभ्यास 2020 साली येल लॉ जर्नलमध्ये आला. योगायोग म्हणजे तो फ्लोरिडाचाच आहे. सुमारे 500 खाती, 98,000 पूर्णवेळ अधिकारी आणि साधारण तीस वर्षांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. कुठल्याही एका वर्षी, पूर्वी कुठून तरी काढून टाकलेले जवळपास 1,100 अधिकारी राज्यात वर्दीत काम करत होते. प्रमाण सुमारे 3 टक्के. असे अधिकारी नव्या जागेवरूनही काढले जाण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त, असंही त्यांना आढळलं. मात्र हा सगळा काळ शेफरच्या नंतरचा आहे. 'म्हणून 1972 मध्येही तसंच होतं' असं या अभ्यासाच्या जोरावर लिहिता येत नाही. मी लिहिलं होतं, तेही खोडलं गेलं.)

आता 21 जुलै 1972, शुक्रवार. शेफरला मार्टिन काउंटीत महिनाही झाला नव्हता. गस्तीच्या गाडीतून जाताना त्याला रस्त्याच्या कडेला लिफ्ट मागत उभ्या असलेल्या दोन तरुण मुली दिसल्या. या काउंटीत लिफ्ट मागणं बेकायदा आहे, असं त्याने त्यांना सांगितलं. ते खोटं होतं. मग त्यांना राहत्या जागी सोडलं आणि उद्या मीच तुम्हाला समुद्रावर नेतो, म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो त्यांना घेऊन हचिन्सन आयलंड या लांबलचक बेटावर गेला, झाडीत. तिथे त्याने दोघींना बेड्या घातल्या, तोंडं बांधली, गळ्यात फास अडकवून झाडांच्या मुळांवर उभं केलं. पाय घसरला असता तर जीव गेला असता. तेवढ्यात रेडिओवर त्याला बोलावणं आलं आणि तो त्यांना तसंच सोडून गेला. परत आला तेव्हा दोघीही निसटल्या होत्या.

पुढचं मला सगळ्यात जास्त खटकलं. त्याने स्वतःच शेरीफला फोन केला. आपल्या हातून जरा अतिरेक झाला, लिफ्ट मागत फिरणं किती धोक्याचं असतं याचा धडा द्यायला गेलो होतो, असं त्याचं म्हणणं. शेरीफने त्याला तत्काळ कामावरून काढलं आणि अटकही केली. शेरीफला दोष देता येत नाही. पण प्रकरण कोर्टात गेलं तेव्हा तडजोड झाली. गंभीर हल्ल्याच्या एका आरोपाची कबुली, बाकीचं मागे. वर्षभराची कैद. न्यायाधीशांनी त्याला झापलं, पण झापलं ते मूर्खपणाबद्दल. 'धडा शिकवायला गेलो' ही त्याची गोष्ट अशी कोर्टाच्या कागदात जाऊन बसली. दोघी मुली काय सांगत होत्या, ते त्याच फाइलमध्ये होतं. वाचणाऱ्यांनी वर्दीवाल्याची आवृत्ती घेतली.

आणि ही शिक्षा भोगायला तो आत गेला 15 जानेवारी 1973 ला. जुलै ते जानेवारी, जवळपास सहा महिने, तो जामिनावर बाहेर होता.

त्या सहा महिन्यांवर जरा थांबू या, कारण आकड्याचा प्रश्न तिथेच आहे.

27 सप्टेंबर 1972 ला फोर्ट लॉडरडेलमधून 17 आणि 16 वर्षांच्या दोन मैत्रिणी घरातून निघाल्या. बरोबर एक पुरुष होता, वयाने मोठा, नाव 'जेरी शेफर्ड' सांगणारा. समुद्रावर जाऊन गिटार वाजवणार, असं सांगून तिघं निघाले. त्यांतल्या एकीच्या आईला त्या माणसाबद्दल काहीतरी विचित्र वाटलं. तिने त्याच्या निळ्या-हिरव्या डॅटसन गाडीचा नंबर एका कागदावर लिहून ठेवला.

मुली परत आल्या नाहीत. आईने पोलिसांना नंबर दिला. नंबर निघाला भलत्याच, लांबच्या काउंटीतल्या माणसाचा. वर्णन जुळेना, गाडी जुळेना. त्या काळी अमेरिकेत सोळा-सतरा वर्षांची मुलगी घरातून गेली की पोलीस पहिल्यांदा 'पळून गेली असेल' असंच धरून चालत. प्रकरण थंड झालं.

आता त्या कागदाची गंमत बघा. गंमत म्हणवत नाही, पण आपल्या धंद्यात दुसरा शब्द पटकन सापडत नाही. फ्लोरिडाच्या गाड्यांच्या नंबरात तेव्हा सुरुवातीला काउंटीचा आकडा असायचा. आपल्याकडे एमएच नंतर 12 म्हणजे पुणे आणि 09 म्हणजे कोल्हापूर, तसंच. त्या बाईने सुरुवातीचा आकडा 4 असा उतरवून घेतला होता. 4 म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरची पिनेलास काउंटी. काही महिन्यांनी मार्टिन काउंटीतून जाताना तिच्या लक्षात आलं, की इथल्या गाड्यांचे नंबर 42 ने सुरू होतायत. 4 च्या पुढचा 2 तिच्याकडून सुटला होता. 42 धरून शोध घेतला तेव्हा गाडी निघाली शेफरची, आणि शेफर तेव्हा मार्टिन काउंटीच्याच तुरुंगात बसलेला. तिने फोटो ओळखला.

मंडळी, या संपूर्ण प्रकरणात माझ्या मते सगळ्यात भरवशाचं साधन तो कागद आहे. त्यात चूक आहे, तरीही. लिहिणाऱ्या बाईने तो घटनेच्या दिवशी, घटनेच्या जागी, स्वतःच्या डोळ्यांनी बघून लिहिला. लिहिताना तिला कुणाला काही पटवायचं नव्हतं, कुठलं पुस्तक खपवायचं नव्हतं. चूक झाली ती अशी, की काय चुकलं ते नंतर शोधून काढता आलं. अभिलेखागारात चुका नसलेलं साधन तुम्हाला भेटणार नाही. साधनातली चूक कुठल्या प्रकारची आहे, हे ओळखता आलं की ते साधन पुन्हा कामाला येतं. दुरुस्त न होणारी चूक वेगळी. ती पुढे येतेच आहे.

1 एप्रिल 1973 ला हचिन्सन आयलंडवर दोघी मुलींचे अवशेष सापडले. त्यानंतर पोलिसांनी शेफरच्या आईच्या घराची झडती घेतली. तिथे त्याच्या सामानात बायकांचे दागिने होते, दात होते, ओळखपत्रं होती. आणि त्याच्या हाताने लिहिलेल्या गोष्टींची पानंच्या पानं, बायकांना मारण्याच्या.

त्या ओळखपत्रांतली काही होती आयोवा राज्यातून फ्लोरिडाकडे लिफ्ट घेत निघालेल्या, 19 वर्षांच्या दोन मुलींची. त्या शेवटच्या दिसल्या किंवा त्यांच्याकडून शेवटचं काही कळलं ते जानेवारी 1973 च्या दुसऱ्या आठवड्यात. शेफर 15 जानेवारीला तुरुंगात गेला. या दोन तारखा मी एकाखाली एक लिहिल्या आणि बराच वेळ पुढे काही लिहिलंच नाही. जामिनाचा शेवटचा आठवडा.

त्यांचे अवशेष 1977 मध्ये सापडले. त्यांच्यासाठी खटला कधीच चालला नाही.

खटला चालला तो फक्त त्या दोन मैत्रिणींच्या खुनाचा, फोर्ट पिअर्सला. जुलैत निसटलेल्या दोघी साक्षीला आल्या, म्हणजे वर्षापूर्वी ज्यांचं म्हणणं 'धडा शिकवण्या'च्या गोष्टीखाली दबलं होतं त्याच. सप्टेंबर 1973 मध्ये ज्युरीने शेफरला दोषी ठरवलं आणि ऑक्टोबरमध्ये 2 जन्मठेपा झाल्या. फाशी का नाही? कारण तारीख. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून 1972 मध्ये 'फर्मन' निकालाने तेव्हाचे मृत्युदंडाचे कायदे मोडीत काढले होते, आणि फ्लोरिडाने नवा कायदा केला डिसेंबर 1972 मध्ये. खून सप्टेंबरचे. म्हणजे बरोबर मधल्या फटीतले.

आता सरांचा प्रश्न. कोणी मोजले?

न्यायालयाने मोजले 2. तेवढेच सिद्ध झाले. बाकीच्यांचं काय झालं, हे समजून घ्यायचं तर खटल्यांकडे इतिहासाच्या विद्यार्थ्याने बघायला हवं तसं बघा. सरकारी वकिलाचं काम सत्याची पूर्ण यादी करण्याचं नसतं. माणूस जन्मभर आत गेला की त्याच्या दृष्टीने काम झालं. फाशी देता येत नव्हती, जन्मठेप झालेली होती; तिसरा, चौथा, पाचवा खटला भरून शिक्षेत काय वाढणार होतं? पैसा जाणार, साक्षीदार परत उभे करावे लागणार, आणि एखाद्या खटल्यात तो सुटला तर नाचक्की. त्यात काउंट्या वेगळ्या, प्रत्येकीचा तपास वेगळा. म्हणून ते थांबले. थांबणं समजण्यासारखं आहे. पण मग 'दोषी ठरलेले 2' हा आकडा त्याने किती जणींना मारलं याचा नाही. राज्याला किती सिद्ध करायची गरज वाटली, याचा आहे. मी हे वाक्य आता प्रबंधात टाकलं आहे. सरांनी त्याच्याभोवती अजून गोल काढलेला नाही.

दुसरी मोजणी पोलिसांची. यात एकसारखे पुरावे नाहीत, हे नीट बघा. आयोवाच्या मुलींची ओळखपत्रं त्याच्या सामानात होती. हा दुवा जाडजूड आहे. 1969 मध्ये बेपत्ता झालेल्या, त्याच्या ओळखीच्या एका शेजारणीचा दागिना तिथे सापडला. हाही दुवा पक्काच, पण वस्तू तिथे कशी आली याचा एखादा दुसरा खुलासा निदान कल्पता तरी येतो. ऑक्टोबर 1972 मध्ये फोर्ट लॉडरडेल भागातून दोन अगदी लहान वयाच्या मुली गायब झाल्या आणि पुढे त्यांचे अवशेष मिळाले. तिथे संशय येतो तो काळ, जागा आणि जोडीने नेण्याची पद्धत यांवरून. आणि मग येतात अशी नावं, जिथे दुवा एवढाच की मुलगी फ्लोरिडात त्या वर्षांत हरवली होती. ही सगळी नावं एकाच यादीत एकाखाली एक लिहिली की सगळी सारखीच पक्की वाटायला लागतात. यादीचा हा स्वभावच आहे. 34 हा आकडा अशाच यादीतून फिरायला लागला.

तिसरी मोजणी खुद्द शेफरची. इथे ती दुरुस्त न होणारी चूक.

तुरुंगात तो लिहीत राहिला. 1989 मध्ये त्याच्या शाळेच्या दिवसांतल्या एका मैत्रिणीने त्याच्या गोष्टी 'किलर फिक्शन' नावाने छापल्या. जगासमोर त्याचं म्हणणं असं, की या निव्वळ कल्पित गोष्टी आहेत, मी निर्दोष आहे, भ्रष्ट पोलिसांनी मला अडकवलं. खासगी पत्रांत मात्र तो भलतंच सुचवायचा आणि आकडा वाढवत न्यायचा. 80 आणि शंभरावरचे आकडे तिथले. आणि त्याच वेळी त्याला सीरियल किलर म्हणणाऱ्या लेखकांवर तो बदनामीचे दावेही ठोकत होता! असाच एक दावा 1994 मध्ये एका फेडरल न्यायालयाने फेटाळला. मथितार्थ असा, की या माणसाचं नाव आधीच इतकं खराब आहे की त्याची आणखी बदनामी होऊच शकत नाही.

हा निकाल आता काही पुस्तकांत 'न्यायालयानेही तो सीरियल किलर असल्याचं मान्य केलं' असा येतो. सावध राहा. बदनामीच्या दाव्यातलं न्यायालय खून मोजायला बसलेलं नव्हतं. त्याच्यापुढचा प्रश्न वेगळा होता, पुराव्याचं मापही वेगळं. निकालपत्र हे प्राथमिक साधन खरं, पण कुठल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून ते लिहिलं गेलं ते आधी बघायचं. (आणखी एक बारीकशी गोष्ट : 1973 च्या वृत्तांतांना 'सीरियल किलर' हा शब्द चिकटवू नका. तो सर्रास वापरात आला 1980 च्या दशकात. मी चिकटवला होता.)

कबुलीजबाबाचं म्हणाल तर आपल्या कायद्याला त्याचा संशय फार जुना आहे. 1872 च्या पुरावा कायद्याचं कलम 25 म्हणत होतं, की पोलिसापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही; भारतीय साक्ष्य अधिनियमात तेच आता कलम 23 मध्ये आहे. तिथे भीती अशी, की कबुली मारून-झोडून घेतली असेल. शेफरच्या बाबतीत भीती उलटी आहे. त्याला कुणी मारत नव्हतं. जन्मठेप भोगणाऱ्या माणसाला आकडा वाढल्याने काही गमवायचं नव्हतं आणि मिळवायचं मात्र होतं : पत्रं, वाचक, लोकांची धास्ती, स्वतःचं मोठेपण. साधनाला विचारायचा पहिला प्रश्न 'हे खरं की खोटं' नसतो. 'हे बोलून बोलणाऱ्याला काय मिळत होतं' हा असतो. त्याने आकडा 80 म्हटला असेल तर तो आकडा मला 1989 नंतरच्या शेफरबद्दल बरंच काही सांगतो. 1972 बद्दल जवळपास काहीच नाही.

मग त्या गोष्टी वाचायच्या का? हा प्रश्न मला खूप दिवस छळत होता. एका मैत्रिणीचं मत, की वाचूही नको, वाचणं म्हणजे त्याला हवं ते देणं. दुसरा म्हणाला, संशोधक म्हणवतेस तर नाक मुरडून कसं चालेल. शेवटी मी ठरवलं ते असं : 1973 च्या झडतीत सापडलेली पानं मी साधन मानते, कारण ती मुद्देमाल होती, ती लिहिताना वाचकवर्ग समोर नव्हता आणि खटल्यात त्यांचा विचार झाला. नंतर छापलेल्या गोष्टी मी प्रबंधात घेतलेल्या नाहीत. यावर दुमत असू शकतं. व्हायव्हात विचारतीलच.

आणि ज्या पुस्तकांतून मी सुरुवातीला आकडा उचलला, त्यांच्याबद्दल एक शब्द. ती वाईट आहेत असं नाही. त्यांच्यामुळेच मला हे प्रकरण कळलं. पण त्यांत शेफरच्या बायकोने घटस्फोट घेऊन त्याच्याच वकिलाशी लग्न केलं यावर पानं खर्ची पडतात आणि बनावट शिफारसपत्रावर एक ओळ. माझ्या विषयाला ती एक ओळ हवी होती. दुय्यम साधनातला प्रत्येक आकडा आणि प्रत्येक गाळलेली जागा त्या लेखकाच्या प्रश्नातून आलेली असते, तुमच्या नाही.

शेफरचा शेवट 3 डिसेंबर 1995 ला झाला. फ्लोरिडा स्टेट प्रिझनमध्ये दुसऱ्या एका कैद्याने त्याला भोसकून मारलं. त्याच्याबरोबर खात्रीने सांगू शकेल असा एकमेव माणूस गेला, असं बरेच जण लिहितात. मला ते पटत नाही. तो सांगत होता ते पाहता त्याच्याकडून खात्रीचं काही मिळालं असतं, याला आधार काय?

मिळालं ते दुसरीकडून. जून 1974 मध्ये पाम बीच काउंटीत, खारफुटीत, एका मुलीचे अवशेष सापडले होते. ओळख पटली नव्हती. ते जपून ठेवले गेले, नाव नसलेल्या प्रकरणाच्या क्रमांकाखाली. जून 2022 मध्ये पाम बीचच्या शेरीफ कार्यालयाने जाहीर केलं की डीएनए आणि वंशावळींच्या आधारे ओळख पटली आहे : फोर्ट लॉडरडेल भागातली 15 वर्षांची मुलगी, डिसेंबर 1972 मध्ये, नाताळाच्या थोडं आधी बेपत्ता झालेली. म्हणजे शेफर जामिनावर असतानाच. तपास करणाऱ्यांनी त्याच्यावरचा संशय उघड बोलून दाखवला. पण खटला कुणावर चालवणार? ती त्याच्या यादीत 'संशयित' म्हणूनच राहणार. घरच्यांसाठी मात्र एकोणपन्नास वर्षांनी काहीतरी ठरलं, आणि ते ठरायला शेफरचा एकही शब्द लागला नाही. त्या अवशेषांना 1974 मध्ये कुणीतरी नीट क्रमांक दिला आणि फेकून दिले नाहीत, ते कामी आलं.

तर माझ्या प्रबंधातला तक्ता आता असा आहे. पहिल्या रकान्यात 2, पुढे निकालाची तारीख. दुसऱ्या रकान्यात आकडा नाही. तिथे एकेक व्यक्ती एकेका ओळीत, बेपत्ता झाल्याचा महिना, अवशेष सापडल्याचं वर्ष, शेफरशी दुवा कशाचा (वस्तू, जागा, काळ) आणि तो दुवा कुठल्या कागदातून आला. नावांऐवजी मी वय लिहिलं आहे. तक्ता दीड पान झालाय आणि फॉरमॅटमध्ये बसत नाही. सरांना दाखवला. त्यांनी बराच वेळ वाचला, मग पेन उचलून एका ओळीपुढे पुन्हा लिहिलं, 'हे कोणी पाहिले?' ती ओळ 1969 च्या दागिन्याची होती. या आठवड्यात मी त्याच्या मागे आहे. झडतीची मूळ यादी मिळते का बघतेय. मिळाली की इथेच लिहीन.